मी यंत्राचा भाग नव्हे

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. गुलाबाचा नव्हे, घड्याळाचा नव्हे आणि वजनाचाही नव्हे. पूर्वी घोडेस्वार बुटाच्या टाचेला लोखंडाचा एक काटा बांधत. घोडा रेंगाळला की स्वाराने टाच आत वळवायची, काटा घोड्याच्या कुशीला लागायचा आणि घोड्याला एकदम काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं. तो काटा मी. माझे दोन बाहू टाचेला मागून कवेत घेतात. बाहू जुळतात तिथून एक आखूड दांडी निघते आणि दांडीच्या टोकाला एक दातेरी चक्री फिरते. ही चक्री तेवढी ध्यानात असू द्या. पुढचा सगळा घोळ तिच्या दात्यांमुळे झाला.

स्वभावाने मी भित्रा आहे. ज्याचा जन्मच दुसऱ्याला घाई करण्यासाठी झाला, त्याच्या जिवाला स्वस्थता कुठून येणार?

मला घडवलं एका लोहाराने आणि नटवलं त्याच्या सासऱ्याने. दोघांचं दुकान एक, पण वस्तू पुरी कधी झाली म्हणायची यावर त्यांचं कधी पटलं नाही. जावयाच्या मते, माझे बाहू वाकले आणि चक्री फिरली तेव्हाच मी झालो होतो. सासरेबुवांनी मात्र मला आपल्या बाकावर नेलं, बाहूंवर केसाएवढे बारीक चर कोरले, त्यांत चांदीची तार ठोकून बसवली आणि वेल काढली. वेल झाल्यावर पानं काढायला घेतली.

"मामा, अहो, गिऱ्हाईक दारात उभं आहे," लोहार म्हणाला.

"असू दे. पानं राहिलीत."

"घोड्याला पानं दिसतात का?"

"घोड्याला कशाला दिसायला हवीत? मागून येणाऱ्याला दिसतील."

त्या वेळी मी भट्टीशेजारी पडून एवढाच विचार करत होतो, की या दोघांच्या भांडणात आपण परत विस्तवात जाऊ नये. मित्रांनो, दोन माणसांच्या मधोमध पडलेल्या वस्तूला काय वाटतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मला विकत घेतलं जकातनाक्यावरच्या एका अधिकाऱ्याने. मी आणि माझा जोडीदार, एक उजव्या टाचेला, एक डाव्या. अधिकारी रुबाबदार होता आणि घोड्याला मनापासून घाबरायचा. आम्ही चुकून लागलो आणि घोडी पळाली तर काय घ्या, म्हणून तो दोन्ही पाय असे फाकवून बसायचा की जणू घोडी नुकतीच रंगवली आहे. त्यामुळे आम्ही जन्मात कोणाला टोचलो नाही. पण शोभा मोठी होती. रोज सकाळी घोडी सांभाळणारा मोतद्दार आम्हाला मऊ फडक्याने पुसायचा. रस्त्याने जाताना लोक म्हणायचे, "काय चमक आहे!" मला कौतुक आवडायचं आणि त्याच वेळी धडधडायचंही. वाटायचं, एखादा विचारील, "चमक राहू द्या, हे काम काय करतात?"

ते कोणी विचारलं नाही. मी हरवलो ते वेगळ्याच कारणाने. एका ओल्या संध्याकाळी अधिकारी शेताकडेच्या झुडपामागे उतरला. माणूस एकटाच झुडपामागे कशासाठी उतरतो, ते इतिहासात लिहीत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. चिखलात त्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला. माझा चामडी पट्टा भिजून सैल झाला होता. त्याने पाय ओढून काढला, मी आत राहिलो. तो घाईघाईने घोडीवर बसला आणि निघाला. जोडीदाराच्या चक्रीची किणकिण बराच वेळ ऐकू येत होती. मग येईनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि काठ्यांनी चिखल ढवळू लागली. एकाची काठी थेट माझ्या बाहूला लागली. मी मनातल्या मनात ओरडलो. तो म्हणाला, "काही नाही, दगड आहे." आणि पुढे गेला. माझ्याबद्दल लोकांचा गैरसमज व्हायला सुरुवात झाली ती अशी.

मग मी मातीत होतो. किती काळ, ते विचारू नका. मातीत कालनिर्णय करायची सोय नसते. चिखल वाळला, पुन्हा भिजला, मुळं आली, गेली. गंज आला, तो गेला नाही. तो घाईचा प्राणी नव्हे, एकदा घरात शिरला की हळूहळू सगळ्या खोल्या बघतो. पण माझा खरा जीव खायचा तो नांगर. पेरणीआधी तो यायचा. वरून माती चिरत येणारा आवाज ऐकू यायचा आणि मी आक्रसून बसायचो. आधी जनावरं ओढायची तेव्हा फाळ बराच वर असायचा. मग इंजिनं आली आणि फाळ दर खेपेला थोडा थोडा खाली येऊ लागला. कोणी आपल्याला शोधून काढावं, असंही वाटायचं आणि शोधून काढणाऱ्याने आपले दोन तुकडे करू नयेत, असंही वाटायचं. या दोन इच्छांच्या मधे मी पडून होतो.

शेवटी मी वर आलो तो बटाट्यांबरोबर.

त्या शेतात आता एक नवराबायको राहत होती. त्यांनी बटाटे लावले होते आणि ते काढायचं यंत्र नवऱ्याच्या धाकट्या भावाकडून मागून आणलं होतं. हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. त्याचा रुंद फाळ वरंब्याखाली शिरतो, मातीसकट बटाटे उचलतो आणि सळयांच्या हलत्या साखळीवर टाकतो. माती खाली गळते, बटाटे मागे जातात. त्या दिवशी माती गळाली आणि बटाट्यांत मी उरलो. सळयांवर नाचत, खणखण वाजत मी मागे आलो आणि बाईच्या पायाशी पडलो.

"अहो, थांबा! थांबा म्हणते ना!"

नवऱ्याने ट्रॅक्टर थांबवला. "काय झालं?"

"यंत्रातून काहीतरी पडलं."

आता मी म्हणजे मातीने माखलेला, गंजाने फुगलेला लोखंडाचा एक फाटा, आणि टोकाला दातेरी चक्री. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"गिअरचं आहे."

"कशावरून?"

"दाते बघ ना!"

"पण इतकं गंजलेलं? भाऊजी तर यंत्राला पोटच्या पोरासारखं जपतात."

"वरून जपतो. आतून कोण बघतं?"

बाई मटकन वरंब्यावर बसली. तिला एवढं घाबरायला काय झालं, ते मला पुढच्या बोलण्यातून कळलं. मोठ्याने, म्हणजे या नवऱ्याने, पूर्वी धाकट्याची शिडी नेली होती. तिची एक पायरी मोडली. मोठ्याने गुपचूप दुसरी फळी ठोकली, वर रंग फासला आणि शिडी होती तिथे ठेवून दिली. धाकटा चढला, फळी निसटली आणि तो खाली गोठ्याच्या दारात आला, पाय प्लास्टरमध्ये. भांडण झालंच नाही, हीच अडचण. धाकट्याने नुसतं बोलणं सोडलं. रस्त्यात भेटला तर पलीकडच्या झाडांकडे बघत जायचा. झाडांची त्याला एवढी आवड कधीच नव्हती. आता कुठे, बाईने जावेकडे येणंजाणं चालू ठेवल्यामुळे, तो बोलायला लागला होता आणि बोलायला लागल्यावर दिलेली ही पहिली वस्तू. देताना म्हणाला होता, "उद्या सकाळी मला लागेल, दादा. जशी नेतोस तशी आण."

"फोन करू या भाऊजींना," बाई म्हणाली.

"वेडी आहेस का? डॉक्टरला बोलावतो. तो बसवून देईल. संध्याकाळपर्यंत यंत्र जसंच्या तसं."

"म्हणजे परत शिडी."

"शिडीचं नाव काढू नकोस."

डॉक्टर म्हणजे फिटर. पेचकस कानाला लावून तो इंजिनाची छाती तपासायचा, म्हणून हे नाव. तो आला, त्याने मला हातात घेऊन चक्री फिरवायचा प्रयत्न केला. ती फिरली नाही. "बरं झालं वेळेवर बोलावलंत," तो म्हणाला. कोणत्याही फिटरचं पहिलं वाक्य हेच असतं, हे बाईला माहीत होतं, तरी ती ताडपत्री आणायला धावली.

अंगणात ताडपत्री पसरली आणि त्याने यंत्र उघडलं. गिअरपेटी उघडली, साखळी उतरवली, बेअरिंगं काढली. सगळे भाग ओळीने मांडले. मला डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवलं होतं. डिझेलचा वास भयंकर, पण माझ्या सांध्यांतली माती सुटत होती हे कबूल केलं पाहिजे. डब्याच्या काठावरून मला ताडपत्री दिसत होती. एक अख्खं, धडधाकट यंत्र माझ्यापायी सुटं होत चाललं होतं आणि 'मी तुमचा नव्हे' एवढं सांगायला मला तोंड नव्हतं.

"आत काही कमी दिसत नाही," डॉक्टर म्हणाला.

"मग चांगलंच आहे की!" नवरा म्हणाला.

"चांगलं कसं? भाग सापडलाय आणि जागा सापडत नाही. याचीच तर काळजी वाटते."

त्याने यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग साखळी ताणून धरणाऱ्या लोखंडी दांड्याजवळ तो थबकला. तिथे एक भोक होतं. मोकळं. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक यंत्राला अशी एकदोन जादा भोकं असतात. त्यांचा उपयोग कारखान्यालाही माहीत नसतो. पण मोकळं भोक दिसलं की फिटरला राहवत नाही.

"हे काय उगाच पाडलं असेल?" डॉक्टर म्हणाला.

तिघं वाकून भोकात बघू लागली. इतक्या श्रद्धेने बघितल्यावर कुठलंही भोक रिकामंच वाटणार. मला डब्यातून काढलं, भोकाजवळ धरलं. मी बसलो नाही. तिरका धरला, उलटा धरला.

"बाहू लांब पडतात," डॉक्टर म्हणाला. "थोडे छाटावे लागतील."

"छाटायचे?" बाई म्हणाली. "मग आधी कसा बसला होता?"

"वहिनी, गंजाने लोखंड फुगतं."

"लांबीला?"

"सगळीकडून."

त्याने मला शिकंज्यात आवळलं आणि ग्राइंडर सुरू केलं. मित्रांनो, नांगराची भीती मी आयुष्यभर बाळगली, पण नांगर आंधळा असतो. इथे माणूस एक डोळा मिटून, नेम धरून येत होता. चाक माझ्या डाव्या बाहूच्या टोकाला लागलं. ठिणग्या उडाल्या. त्या बाहूवर सासरेबुवांनी शेवटची पानं काढली होती, गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना.

"थांबा!"

बाईने प्लगच ओढला. चाक घरघरत थांबलं. गंजाचा पापुद्रा उडाला होता आणि खाली एक पांढरी रेघ चमकत होती. तिने ओढणीच्या टोकाने हलकेच पुसलं. रेघ वळत गेली. तिला एक पान फुटलं, त्याच्यापुढे आणखी एक.

"यंत्राच्या आत पानं कोण काढतं?" ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "धाकट्याचं काही सांगता येत नाही. त्याने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर गुलाब काढलाय."

"आतल्या भागावर? कोणाला दाखवायला?"

डॉक्टर म्हणाला, वेल्डिंगच्या रेघा अशाच दिसतात. पण त्याच्या आवाजातला डॉक्टर निम्मा झाला होता.

बाईने खिशातून फोन काढला.

"अगं, नको," नवरा म्हणाला. "तो काही बोलणार नाही."

"त्याचीच भीती आहे ना तुम्हाला? मग उद्या बोलले नाहीत काय आणि आज बोलले नाहीत काय." तिने नंबर लावला. "भाऊजी, मी बोलतेय. तुमचं यंत्र आमच्या अंगणात उघडलंय... हो... नाही, सगळंच. एक भाग हाती आलाय, तो कुठला ते कळत नाहीये... हो, सगळंच म्हटलं ना." तिने फोन ठेवला. "'आलो' म्हणाले."

"कशा आवाजात?"

"'आलो'मध्ये असा कितीसा आवाज असतो!"

धाकटा आला. जरासा लंगडत होता. ताडपत्रीच्या कडेकडेने तो आपलं यंत्र बघत चालला आणि कोणाशीही एक शब्द बोलला नाही. डॉक्टर उगाच हात पुसत होता. मी शिकंज्यात होतो आणि माझा हिशोब काही केल्या जुळत नव्हता: मी यंत्राचा निघालो तर यंत्र मोडल्याचा ठपका, न निघालो तर ते उगाच उघडल्याचा. माझ्या असण्याने आणि नसण्याने सारखंच नुकसान होणार, अशी वेळ माझ्यावर मातीतसुद्धा आली नव्हती.

त्याने मला सोडवून घेतलं. चक्रीवर अंगठा फिरवला. डिझेलने काम केलं होतं. ती एक दाता सरकली. मग तो एका पायावर उभा राहिला, दुसऱ्या पायाचा बूट उचलला आणि मला मागून टाचेला लावलं. माझे बाहू टाचेभोवती बरोबर बसले. इतक्या काळानंतर पुन्हा एक टाच! त्या एका क्षणापुरता मी घाबरायचं विसरलो.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "कुठल्याच यंत्राचं नाही. घोड्यावर बसणाऱ्याचं आहे."

"तरीच भोकात बसेना," डॉक्टर म्हणाला.

धाकटा मोठ्याकडे वळला. "मग माझं यंत्र का उघडलंस?"

"वाटलं, माझ्या हातून मोडलं."

"आणि मला न सांगता जोडून देणार होतास."

मोठ्याने मान खाली घातली. "हो."

"दादा, पायरी मोडली त्याचं मला काही नव्हतं रे. पायऱ्या मोडतातच. मी ती धड समजून चढलो."

मोठ्या भावाने ताडपत्रीवरचा एक बोल्ट उचलला आणि परत होता तिथेच ठेवला. मग म्हणाला, "सांगायला तुझ्या दारापर्यंत आलो होतो. तू आत हसत होतास कोणाशी तरी. म्हटलं, उगाच कशाला."

"मग हसता हसता सांगायचं होतंस," धाकटा म्हणाला आणि बाह्या सारून खाली बसला. "डॉक्टर, पाना द्या. आणि तुम्ही आता फक्त द्या, लावू नका."

दोघं भाऊ जोडायला बसले. सुरुवातीला "तो दे", "हा धर" एवढंच. मग "अरे, उलटं लावतोयस". मग "लहानपणापासून उलटंच लावतोस". बाईने चहा आणला आणि माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात मोठा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा काटा मात्र मी ठेवणार. शेत माझं."

"वर काढला माझ्या यंत्राने," धाकटा म्हणाला.

"जमीन नसती तर यंत्राने काय, हवेतून काढला असता?"

"यंत्र नसतं तर आणखी कितीतरी वर्षं पडला असता."

थट्टा म्हणून सुरू झालं होतं, पण दोघांचेही हात थांबले. मी शिडी होणार, हे मला स्वच्छ दिसलं.

"बरं," बाई शांतपणे म्हणाली, "मग मधून कापू या. अर्धा तुम्ही घ्या, अर्धा भाऊजी घेतील. ग्राइंडर आहेच."

डॉक्टरने तत्काळ ग्राइंडर उचललं.

"ठेव खाली!" दोघं भाऊ एकदम ओरडले.

एका सुरात. मग एकमेकांकडे बघून हसायला लागले. डॉक्टर दुखावला. "मी ऐकलं तसं केलं," तो म्हणाला.

"हा ज्याच्या पायातून पडला, तो काही न्यायला येणार नाही," बाई म्हणाली. "उद्या मी संग्रहालयात नेऊन देते. सगळ्यांना बघू दे."

उजेड होता तेवढ्यात यंत्र पुन्हा चालू झालं आणि उरलेल्या सऱ्या दोघांनी मिळून काढल्या. ताडपत्री झटकताना तिच्यातून एक वायसर पडलं, कुठलं ते देव जाणे. डॉक्टरने श्वास रोखला. धाकट्याने ते उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि आपल्या खिशात टाकलं. "काही आवाज आला तर सांगतो, दादा," तो म्हणाला.

आता मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत असतो. इथली बाई भिंगातून बघत, मऊ ब्रशाने माझ्या अंगावरची माती काढते. रोज तिचा हात जवळ आला की मला अजूनही धडकी भरते, पण ती घाई करत नाही. डाव्या टोकाला ग्राइंडरचा चट्टा आहे. तो तसाच राहू द्यायचं ठरलं आहे.

मित्रांनो, मातीतून एखादी अनोळखी वस्तू तुमच्या हाती आली, तर तिला घासू नका, कापू नका आणि ती कुठल्या भोकात बसते ते बघत बसू नका. ती कुठे सापडली ती जागा तेवढी ध्यानात ठेवा आणि ज्याला विचारायची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्यालाच आधी विचारा. तो ओरडेल. ओरडू द्या. ओरडणारा माणूस निदान बोलत तरी असतो.